पुंजके दिसले म्हणजे रक्त पातळ करायचं का?

‘रिपोर्टवर लाल पेशींचे पुंजके दिसले असं लिहिलंय. मग रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू करायच्या ना?’ पॅथॉलॉजीत काम करत असल्यामुळे हा प्रश्न मला पेशंटच्या घरच्यांकडून नेहमी येतो, बहुतेकदा दारात उभ्या उभ्या. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा बसून उत्तर देते.

त्या गोळ्यांनी पुंजके सुटत नाहीत. रक्ताची गुठळी होते तेव्हा फायब्रिन या प्रथिनाचे धागे तयार होतात आणि पेशी त्यांत अडकतात. पातळ करणारी औषधं या प्रक्रियेला आवर घालतात. पुंजक्यात असे धागेच नसतात. तिथे पेशींना एकमेकींशी बांधते ती अँटीबॉडी, म्हणजे शरीराचं संरक्षण करणारं प्रथिन, बहुधा आयजीएम जातीचं. ती आकाराने मोठी आणि दहा ठिकाणी पकडू शकणारी, त्यामुळे शेजारशेजारच्या पेशी ती सहज धरून ठेवते. पण तिची पकड गारव्यातच घट्ट असते. ३७ अंशांना ती बहुतेक सुटते.

यात सगळ्यात आधी फसतं ते मोजणी करणारं यंत्र. अख्खा पुंजका त्याला एकच भली मोठी पेशी वाटते. त्यामुळे लाल पेशींची संख्या खोटीच कमी दिसते, एमसीव्ही (पेशीचा सरासरी आकार) फुगतो आणि एमसीएचसी (पेशीतलं हिमोग्लोबिनचं सरासरी प्रमाण) ३६च्या पार वर जातो. एवढं हिमोग्लोबिन पेशीत मावणारच नाही, हे आम्हाला ठाऊक असतं. असा आकडा दिसला की मी तरी रिपोर्टवर सही करत नाही. नळी ३७ अंशांना गरम करून लगेच पुन्हा मोजली की आकडे ताळ्यावर येतात. हिमोग्लोबिनचा आकडा मात्र आधीही बऱ्यापैकी खराच असतो, कारण ते पेशी फोडून मोजतात. तो कमी असेल तर ॲनिमिया (रक्तक्षय) खराच आहे, यंत्राने रचलेला नाही.

आणि पुंजके दिसले म्हणजे आजार आहेच, असंही नाही. पुष्कळ धडधाकट माणसांच्या रक्तात अशा अँटीबॉडी थोड्या प्रमाणात असतात, पण त्या फ्रीजच्या तापमानालाच काम करतात. शरीरात कुठेच तेवढी थंडी नसते. त्रास होतो तो ज्यांच्या अँटीबॉडी २८-३० अंशांनाही पकड घेतात त्यांना. या आजाराला कोल्ड ॲग्लुटिनिन डिसीज म्हणतात, मी त्याला थंडीचा प्रकार म्हणते. बोटं, नाक, कानाच्या पाळ्या गारठल्या की तेवढ्या तापमानाला उतरतात. तिथे पुंजके होऊन बोटं निळसर पडतात. रक्त आत उबेत परतलं की अँटीबॉडी पेशीला सोडते, पण तोवर तिने कॉम्प्लिमेंट प्रथिनांना, म्हणजे अँटीबॉडीच्या मदतीला येणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांना, जागं केलेलं असतं. त्यांतलं सी३ नावाचं प्रथिन पेशीला चिकटून राहतं आणि यकृतातल्या भक्षक पेशी तिला गिळतात. १२० दिवस जगणारी पेशी अशी अकाली जाते. कावीळ, धाप, कधी गडद लघवी, हे सगळं त्यातूनच.

लाल पेशींना काय चिकटलंय ते दाखवणारी कूम्ब्ज टेस्ट इथे उपयोगी पडते. कूम्ब्ज, मूरंट आणि रेस यांनी १९४५ साली ती मांडली आणि आजही निदान तिच्यावरच उभं आहे. थंडीच्या प्रकारात तिच्यात सी३ सापडतं आणि आयजीजी (अँटीबॉडीची दुसरी जात) सहसा सापडत नाही. आयजीजी सापडलं तर बहुधा दुसरा, शरीराच्या उबेतच काम करणाऱ्या अँटीबॉडीचा, जास्त आढळणारा प्रकार असतो. त्यात पेशी मुख्यतः प्लीहेत मरतात आणि स्टिरॉइड चांगलं लागू पडतं. थंडीच्या प्रकारात स्टिरॉइडचा फारसा उपयोग नाही, प्लीहा काढण्याचाही नाही. म्हणून प्रकार न पाहता ‘हिमोलिटिक ॲनिमिया’ (लाल पेशी अकाली नष्ट होऊन होणारा रक्तक्षय) एवढ्याच शेऱ्यावर उपचार सुरू झालेले पाहिले की मला राग येतो.

लोहाच्या गोळ्यांचं म्हणाल, तर फुटलेल्या पेशींतलं लोह बहुतांशी शरीरातच राहतं, म्हणून त्या सहसा लागत नाहीत. नव्या पेशी भराभर घडवाव्या लागतात, त्यासाठी फॉलिक ॲसिड देतात. मायकोप्लाझ्मा या जंतूच्या न्यूमोनियानंतर सुरू झालेला त्रास सहसा काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. उतारवयात जडलेल्या चिवट प्रकारामागे अस्थिमज्जेतल्या बी पेशींचा, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, छोटा गट असतो. त्यावर रिटक्सिमॅब हे औषध वापरतात. कॉम्प्लिमेंटला सुरुवातीलाच अडवणाऱ्या सुटिमलिमॅब या औषधाला अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळाली.

आता तुमच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या. या आजारात खऱ्या गुठळ्यांचा धोकाही वाढतो, तेव्हा एखाद्याला त्या लागतीलही. पण ते पुंजक्यांवरचं औषध नव्हे, आणि ते ठरवायचं रक्तविकारतज्ज्ञांनी. तुम्ही एवढं करा: सलाइन किंवा रक्त चढवायची वेळ आली, तर ते गरम करून द्यायला आधीच सांगा. ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञांना हा रिपोर्ट दाखवा. हृदयाच्या ऑपरेशनआधी तर नक्कीच, कारण त्यात शरीर अनेकदा मुद्दाम थंड करतात.