आर्तुरो गाटीचा उघडा गार्ड

मुष्टियुद्धात गार्ड, म्हणजे चेहऱ्याच्या बचावासाठी वर धरलेले हात, खाली राहणे हा मोठा दोष मानला जातो. कॅनडात वाढलेल्या आर्तुरो गाटीमध्ये तो अखेरपर्यंत राहिला, तरीही त्याने दोन वजनगटांत जगज्जेतेपद मिळवले. ठोसा चुकवणे त्याला येत नव्हते असे नाही. पण एक ठोसा वर्मी बसला, की शिकलेले सारे बाजूला ठेवून तो समोरासमोर भिडत असे, आणि मला तो आवडतो तो नेमका याच कारणाने.

मार्च १९९६ मध्ये विल्सन रॉड्रिगेझविरुद्ध त्याचे दोन्ही डोळे सुजून जवळजवळ मिटले होते आणि दुसऱ्या फेरीत तो खालीही पडला होता. सहाव्या फेरीत मात्र त्याच्या एकाच डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, लढत संपली.

मे २००२ मधील मिकी वॉर्डविरुद्धची नववी फेरी तर मी कितीदा पाहिली असेल! वॉर्डचा डावा ठोसा बरगडीखाली यकृतावर बसतो, गाटी वेदनेने चेहरा वेडावाकडा करत गुडघ्यावर येतो, कसाबसा उठतो आणि त्याच फेरीत उलट हल्ला चढवतो. ती लढत तो हरला. वॉर्डविरुद्धच्या पुढच्या दोन्ही लढती त्याने जिंकल्या, पण प्रशिक्षक बडी मॅकगर्टच्या सांगण्यावरून अंतर राखून, पायांचा वापर करत.

जून २००५ मध्ये फ्लॉइड मेवेदरच्या वेगापुढे मात्र हा उघडा बचाव टिकला नाही. सहाव्या फेरीनंतर मॅकगर्टनेच त्याला स्टुलावरून उठू दिले नाही.