उजळाईवाडी ते सांबरा

सकाळी भाच्याला कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर सोडायचं आणि दुपारी दिल्लीहून येणाऱ्या मावशीला बेळगावच्या सांबरा विमानतळावरून घ्यायचं, अशी दुहेरी ड्युटी गेल्या आठवड्यात माझ्या वाट्याला आली. सोबतीला आबा. उजळाईवाडीच्या नव्या टर्मिनलचं काळ्या दगडातलं काम निरखत त्यांनी विचारलं, "हितनं बेळगावला विमान न्हाई व्हय?"

मग मी फोनवर हिशेब मांडला. दोन्ही विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर भरतं जेमतेम ९६ किलोमीटर, म्हणजे वैमानिकांच्या भाषेत ५२ नॉटिकल मैल. विमान पुरतं वर चढायच्या आतच उतरायला लागेल. विमानानंच जायचा हट्ट धरला, तर हैदराबादला जाऊन परत फिरायचं: जाताना सुमारे ४४५, येताना ४३५. एकूण ८८० किलोमीटर! आबा म्हणाले, "शेजारी विरजण मागायला पंढरपूरला वळसा."

आमचा रस्ता मात्र ११० किलोमीटरच्या आसपास. हवेतल्या रेघेपेक्षा फार जास्त नाही, कारण महामार्ग ४८ सह्याद्रीला उजव्या हाताला ठेवून पठारावरूनच दक्षिणेला जातो. हेच कोल्हापूरहून कोकणातल्या चिपी विमानतळाला करून बघा. तिथलंही हवाई अंतर ११०च्या आतबाहेरच, पण मध्ये घाट आडवा पडतो आणि मीटर पळत सुटतो.

कागल सोडलं, दूधगंगा ओलांडली, कोगनोळीचा टोलनाका आला. फास्टॅगनं एकदाची टुणकन मान डोलावली. इथून पाट्या कानडी, बोलणं मात्र मराठीच. रुंदीकरणाच्या कामानं मध्येच रस्ता डावीकडून उजवीकडे फेकला जातो, तेवढं सांभाळायचं. निपाणीच्या पुढं तवंदी घाट लागला. घाट म्हणण्याइतका मोठा नाही, तरी गाडी चढतेय हे कळतं. सांबऱ्याची धावपट्टी उजळाईवाडीपेक्षा जवळपास दीडशे मीटर उंचावर आहे, त्यातली बरीच चढण मला इथंच जाणवली. संकेश्वरला हिरण्यकेशी, मग हत्तरगीचा दुसरा टोल, पुढं वंटमुरी आणि काकती. कित्तूरच्या राणी चन्नम्माचं हे माहेर. आबांनी चहाची आठवण काढली, म्हणून थांबलो.

बेळगाव शहर ओलांडून बागलकोट रस्त्यानं आणखी दहाएक किलोमीटर गेलं की सांबरा. कोल्हापूरचा विमानतळ १९३९ सालचा, राजाराम महाराजांच्या काळातला. हा १९४२चा, युद्धाच्या गडबडीत ब्रिटिश हवाई दलानं बांधलेला. शेजारी आजही हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आहे, त्यामुळे आबांनी फाटकाशी फोटो काढायचा मोह आवरला.

मावशी बाहेर आली ती घड्याळ बघतच. "दिल्लीहून अडीच तासांत आले. आता घरी पोचायला किती?"

"तेवढेच. कुंद्याची मिठाई घ्यायला थांबलो नाही तर."

थांबलो. दोन किलो.