झाडपाल्याचंच तर आहे

"अहो डॉक्टर, झाडपाल्याचंच तर आहे!" मामीने पर्समधून कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या घटकाच्या, कॅप्सूलची बाटली काढून टेबलावर ठेवली. आज सतरावं रेडिएशन. मानेखालची कातडी लालबुंद, ओढणीसुद्धा टेकू देत नाही.

डॉक्टरांनी बाटली उलटसुलट करून पाहिली. "सूज कमी करेलही. पण कॅन्सरच्या गाठीलाही वाचवणार नाही कशावरून?"

ते वाक्य डोक्यातून जाईना. घरी येऊन वाचत बसले.

किरण पेशीतलं पाणी फोडतात, त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे दिसेल त्यावर तुटून पडणारे कण, सुटतात, डीएनए तुटतो. गाठीच्या पेशी मरतात त्याही अशाच. मग एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन जागं होतं आणि आयएल-६, टीएनएफ-अल्फा असे सुजेचे निरोप धाडायला लावतं. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये कर्क्युमिन याच प्रथिनाला दाबतं. म्हणजे इथपर्यंत मामीचंच बरोबर!

पण गिळलेलं कर्क्युमिन रक्तात उतरतं अगदी थोडं. काचेच्या बशीतल्या पेशी वेगळ्या, मामी वेगळी. आणि कर्क्युमिन रॅडिकलही टिपतं; असा पदार्थ ही पेशी चांगली की वाईट, हे थोडंच विचारून घेतो?

बाटली कपाटात गेलीय, मामी रुसलीय. निदान तिने दाखवली तरी. न सांगता घेणारे किती असतील?