टाळ वाजत ठेवणारी दिंडी

वारीला मी गेले ती आत्यांना सांभाळायला. विठ्ठलाशी माझं त्या वेळी बोलणं बंद होतं.

आत्या म्हणजे सासू. आमच्याकडे, सातारा भागात, सासूला आत्याच म्हणतात. वय 71, गुडघ्यांत वात आणि पायाखाली पंचवीसेक वाऱ्या. पालखीचा हा सोहळा ज्यांनी घालून दिला ते हैबतबाबा आमच्याच जिल्ह्यातल्या आरफळचे, याचा अभिमान आत्यांना इतका की, जणू ते त्यांच्या माहेरचेच. 2020 ला कोरोनामुळे पायी वारी झाली नाही, माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आत्या टीव्हीसमोर हात जोडून बसल्या होत्या आणि ह्यांनी मुद्दाम विचारलं होतं, "आये, तिकीट काढलंस का?" पुढच्या वर्षीही पादुका एसटीनंच गेल्या. तेव्हा असं विचारायला हे नव्हते.

2021 च्या एप्रिलमध्ये गेले. वय 46. अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. आत कुणाला सोडत नव्हते, म्हणून मी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये बसून मोबाईलच्या उजेडात हरिपाठ म्हणायचे. अख्ख्या जन्मात म्हटला नसेल तेवढा त्या अकरा दिवसांत म्हटला. बाराव्या दिवशी पुस्तक पिशवीत टाकलं, घरी आल्यावर पिशवी माळ्यावर टाकली. ह्यांचा टेम्पो विकला, बिल भागलं, इंजेक्शनांसाठी पाव्हण्यांकडून घेतलेले पैसे तेवढे राहिले.

2022 च्या मे महिन्यात यंदा पायी वारी निघणार हे पक्कं झालं आणि आत्यांनी ट्रंकेतून वारीची पिशवी काढली. मला राहवलं नाही. म्हटलं, "कशाला जायचं आत्या? काय दिलं त्यानं आपल्याला?" त्यांनी लुगड्याची घडी मोडून परत घातली. "गुडघं धरत्यात गं. कुणीतरी संगं पायजे."

एवढंच उत्तर. मी शिवणकाम करते. जून म्हणजे शाळेच्या गणवेशांचा महिना, वर्षाचा निम्मा धंदा तेव्हाच होतो. तरी मशीन कापडानं झाकून ठेवलं, पोरांना बहिणीकडे सोडलं आणि दिंडीत दोघींची भिशी, म्हणजे जेवणखाणाचे पैसे, भरली. देवासाठी नाही. म्हातारी कुठं पडली तर लोक मलाच बोलतील म्हणून.

रथाच्या पुढं 27 दिंड्या असतात, मागं दोनशेच्या वर. आमची पार मागं. पहाटे तीनला उठायचं, टँकरच्या नळाखाली चार लुगड्यांच्या आडोशाला अंघोळ करायची, तंबू सोडायचा, वळकट्या ट्रकात टाकायच्या आणि चालायला लागायचं. पहिल्या दिवशी सकाळी दिंडीतले एक म्हातारे गंधाची डबी घेऊन ओळीनं प्रत्येकापुढं येत होते. माझ्यापुढं आले तशी मी सवयीनं मागं सरले. चौदा महिने माझ्या कपाळाला काही लागलं नव्हतं. त्याच मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाडनं गावसभेत ठराव करून विधवांच्या या सगळ्या प्रथा बंद केल्या होत्या, पेपरात सगळीकडे तेच होतं. पण हेरवाड हेरवाडला आणि आमची गल्ली आमच्या जागी. म्हातारे हात पुढं धरून तसेच उभे. "माउली, कपाळ." कोण आहे, कुणाची, नवरा आहे का नाही, काही नाही. गोपीचंदनाचा गार ठसा उमटला, त्याखाली बुक्क्याचं बोट. पुढं पंढरपूरपर्यंत रोज उमटला. देवावरचा राग गेला असं नाही, पण त्या म्हाताऱ्यांवर रागावता येईना.

पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर आणि मध्ये दिवे घाट. त्यात त्या दिवशी ज्येष्ठातली एकादशी. केळी, खिचडी, शेंगदाण्याचे लाडू यांवर अख्खा घाट चढायचा. माणसं अभंग म्हणत, पावली खेळत चढत होती. मी आत्यांच्या गुडघ्यांकडे बघत चढत होते. सासवडला तंबूत टेकलो तेव्हा कळलं की आत्यांचे पाय शाबूत आहेत, फोड माझ्या टाचेला आलाय. मोठ्या लिंबाएवढा.

शेजारच्या वळकटीवर परभणीकडची एक बाई होती. तिनं काही न विचारता माझा पाय मांडीवर घेतला. सुई काडीच्या जाळावर धरली, तिच्यात काळा दोरा ओवला आणि फोडाच्या एका कडेनं आत घालून दुसऱ्या कडेनं बाहेर काढली. दोरा ओढून घेतला नाही. दोन्हीकडं दोन दोन बोटं ठेवून तोडला. "आसाच ऱ्हाऊ द्या. रातभर पाणी गळतंय दोऱ्यावाटं. कातडं काढायचं न्हाई, काढलं की चालणं बंद." मग हळद-खोबरेल लावता लावता, भाकरीचा भाव सांगावा तसं म्हणाली, "धाकटा गेला माझा. तीन वरसं झाली. हिरीत." मला काही बोलता आलं नाही. तिलाही बोलायला नको होतं. तिनं दुसरा पाय मागितला.

सासवडच्याच तळावर मी पहिल्यांदा समाज आरती बघितली. पालखी मधे ठेवतात, सगळ्या दिंड्या भोवतीनं उभ्या राहतात. शेकडो टाळ-मृदंग एकदम चालू, आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. मग पालखीचे चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, वर करून आरोळी देतात आणि सगळं एका क्षणात थांबतं. खरंच थांबतं. लांब कुठंतरी जनरेटर चालू होता तो ऐकू यायला लागला.

आणि त्या शांततेत एका दिंडीचे टाळ वाजतच राहिले.

मला वाटलं, ह्यांना कळलंच नाही. शरमेनं मीच इकडंतिकडं बघायला लागले. आत्या कानाशी लागल्या. "तक्रार हाय त्यांची." ज्या दिंडीला काही गाऱ्हाणं असेल तिनं टाळ थांबवायचे नाहीत, ही इथली रीत. चोपदार स्वतः त्या दिंडीपर्यंत गेले. त्यांचा टँकर कुठंतरी अडवून ठेवला होता, माणसं बिनपाण्याची होती. ऐकून घेतलं, बघतो म्हणाले, तेव्हा टाळ थांबले. मग हरवलं-सापडलं: कुणाचा चष्मा, कुणाचं पाकीट, कुठल्या तरी गावची चुकलेली आजी. मग उद्या पालखी किती वाजता निघणार ते. आणि हे सगळं झाल्यावर आरती. माउलींची आरती टँकरच्या तक्रारीसाठी थांबली होती, हे मला रात्री आडवं पडल्यावर कळलं.

आरतीहून तंबूकडे परत येताना आत्या म्हणाल्या होत्या, "गप ऱ्हायलं आस्तं तर चोपदार यायचा कसा?" त्या टँकरबद्दलच बोलत असतील.

जेजुरीला आमच्या राहुटीत कीर्तन होतं. महाराज चांगले होते, आवाज गोड. तुकोबांचा अभंग घेतला, "बरें झालें देवा निघालें दिवाळें." संसार बुडाला म्हणून देव सापडला, दुःख हा प्रसाद समजा, असं ते रंगवून सांगायला लागले आणि माझ्या कानशिलात जाळ झाला. भर कीर्तनातून उठून बाहेर आले. 1630 च्या सुमाराचा तो दुष्काळ. तुकोबांची पहिली बायको त्यात गेली, मुलगा गेला. "स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली" हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. त्या ओळीवर महाराज का थांबत नाहीत? दिवाळं निघाल्याचं बरं वाटणं हे ज्याचं निघालं त्यानं म्हणावं. दुसऱ्यानं माईक हातात घेऊन म्हणू नये. माझं मत अजूनही तेच आहे.

आत्या मागोमाग आल्या. मला वाटलं, बोलतील; कीर्तनातून उठणं म्हणजे त्यांच्या लेखी मोठा गुन्हा. त्या जमिनीवर टेकल्या, पाय पसरले, तंबाखूची मिसरी दाताला लावली. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "त्यो तुकोबा हाय. त्याचं त्यानं म्हटलंय. तुला बरं झालं म्हणायची काय गरज न्हाई. मी बी म्हनत न्हाई."

सव्वा वर्षात ह्यांच्या जाण्याबद्दल आमच्यात झालेलं हे पहिलं बोलणं. घरात आम्ही दोघी एकमेकींना जपण्याच्या नादात गप होतो.

नीरेला माउलींच्या पादुकांना स्नान झालं, लोणंद मागं पडलं, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. फलटण, बरड, नातेपुते. पायाचं कातडं जाड झालं. आपण कशाला चालतोय हा प्रश्न दिवसातून एखादाच वेळ पडायला लागला, तोही चढावर. आत्यांचे गुडघे माझ्यापेक्षा बरे चालले होते आणि ते आम्हा दोघींना कळून चुकलं होतं. तो विषय कुणी काढला नाही.

सदाशिवनगरला गोल रिंगण. जरीपटक्याचा स्वार असलेला घोडा पुढं आणि मागं माउलींचा घोडा, त्याच्या पाठीवर माणूस नाही. खुद्द माउली बसलेली असते म्हणतात. तो सुटला तशी लाखभर तोंडातून एकच आरोळी. माझं निम्मं लक्ष चेंगराचेंगरीकडे. घोडे गेले की लोक टापांखालची माती घ्यायला तुटून पडतात आणि तेवढ्यात आत्या माझा हात सोडून त्यात घुसल्या. 71 वर्षांची बाई! मी ओरडत मागं. सापडल्या तेव्हा दोन्ही गुडघे मातीत आणि पदराच्या टोकाला माती गाठ मारून बांधत होत्या.

ही माती मला ठाऊक होती. दरवर्षी त्या आणायच्या आणि हे टेम्पोच्या स्टिअरिंगला, चारी चाकांना तिचं बोट लावून उरलेली पुडी डॅशबोर्डवरच्या गणपतीमागं ठेवायचे. एका वर्षाची पुडी सुटून सगळी कॅबिनभर झाली होती. ह्यांनी वर्षभर झाडली नाही.

रात्री तंबूत बॅटरीच्या उजेडात आत्यांनी ती गाठ सोडली. माती तळहातावर घेतली. बघत राहिल्या. "सवयीनं घेतली बग," म्हणाल्या. आणि मग, "आता ही कशाला लावायची गं?"

वारीत पंधरा दिवस मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. घरी बघितलं नव्हतं. मला सांभाळायला आणलं होतं ना, मग आता सांभाळायची वेळ आली तर मला एक शब्द सुचेना. पार्किंगमधल्या त्या अकरा रात्रींनंतर पहिल्यांदाच मी मनातल्या मनात कुणाला तरी हाक मारली. काही मागायला नाही. बघ, एवढंच. ही बघ इथं.

माती मी माझ्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत भरली. ती डबी पिशवीत का आणली होती, ते मलाही माहीत नव्हतं.

वेळापूरच्या उतारावर सगळे धावतात. इथून तुकोबांना कळस दिसला आणि ते पळत सुटले, म्हणून धावा. मीही पळाले. आत्या पाठीमागून ओरडत होत्या, "सावकाश, पडशील!"

10 जुलै, आषाढी एकादशी. पंढरपुरात पाय ठेवायला जागा नाही. दर्शनाची बारी गोपाळपूरकडं कुठवर गेली होती, तिचं शेवटचं माणूस दिसत नव्हतं. आत्या तिकडं वळल्यासुद्धा नाहीत. पंचवीस वाऱ्यांत आषाढीला मूर्तीच्या पायांवर डोकं त्यांनी दोनदा ठेवलंय. मला हे कधी सांगितलंच नव्हतं! अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालायचं आणि वाळवंटातून कळस बघून परत फिरायचं. मी म्हटलं, "मग ह्याला दर्शन म्हणायचं?" म्हणाल्या, "त्येला दिसतोय की आपण."

चंद्रभागेत अंघोळ झाली. ओल्या लुगड्यानिशी आत्या कळसाकडं तोंड करून उभ्या राहिल्या. शेजारीच कुठल्या तरी दिंडीचं भजन संपलं होतं, टाळ पिशवीत चालले होते. आत्या मोठ्यानं म्हणाल्या, शेजारणीशी बोलावं तसं, "आलो रं. दोघी आलोय. पोराचं काय केलंस, त्ये ऐकायचं ऱ्हायलंय माझं."

हात जोडले नाहीत. टाळी वाजवायला लागल्या. भजनाच्या ठेक्यात, एकट्याच, एकसारखी. माणसं वळून बघायला लागली. मी त्यांचा हात धरायला गेले. आणि धरला नाही. मीही टाळी धरली.

किती वेळ ते सांगता येणार नाही. तळहात चुरचुरायला लागले तेव्हा आत्याच थांबल्या, पदरानं तोंड पुसलं.

"चल," म्हणाल्या, "पोरास्नी बत्तासं घ्यायचंत. गर्दी वाढाय लागली."