वोबर्नची भेकरे आणि इंग्लंडचे रान

इंग्लंडच्या बेडफर्डशायर परगण्यात राहणाऱ्या माणसाला भेकर पाहण्यासाठी कुठल्याही अभयारण्यात जावे लागत नाही. घरामागच्या कुंपणाशी, रेल्वेरुळांच्या कडेच्या झुडपांत, कधी दफनभूमीत वाहिलेल्या ताज्या फुलांवरही ते चरताना दिसते. खांद्याशी जेमतेम अर्धा मीटर उंची, किंचित वाकलेली पाठ, नराच्या ओठांतून डोकावणारे सुळे आणि रात्री बराच वेळ चालणारे भुंकणे. कोयनेच्या किंवा भीमाशंकरच्या रानात हा आवाज ऐकलेल्या माणसाला तो लगेच ओळखीचा वाटतो. इथली जात मात्र आपल्या सह्याद्रीतली नव्हे, तिचे भाऊबंद दक्षिण चीन आणि तैवानमधले आहेत. कॅन्टनला ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाची पारख करणाऱ्या जॉन रीव्हज यांचे नाव तिला मिळाले आहे.

ही भेकरे इथे आणली ती बेडफर्डच्या अकराव्या ड्यूकने. वोबर्नच्या आपल्या विस्तीर्ण आवारात त्याने देशोदेशीची हरणे जमवली होती, त्यांत भारतीय भेकरेही होती. ती टिकली नाहीत, पण विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी बाहेरच्या रानात सोडलेली चिनी भेकरे मात्र रुजली. या माणसाला निव्वळ दोष देणे अवघड आहे. चीनमधून नामशेष झालेले पेर डेव्हिडचे हरीण जगात उरले ते त्याच्या याच कळपामुळे, आणि 1985 साली त्याच कळपातली जनावरे चीनला परत गेली. अर्थात, इंग्लंडमध्ये आज जवळपास सर्वत्र उच्छाद मांडणाऱ्या करड्या खारींच्या प्रसारातही त्याचा वाटा होता, हेही विसरता येत नाही.

भेकरे आपल्या पायांनी देशभर पसरली, असा समज सर्रास आढळतो आणि तो फारसा खरा नाही. एखाद्या भागात रुजलेले भेकर आपला मुलूख वर्षाला साधारण एक किलोमीटर या गतीनेच वाढवते, असे अभ्यासकांनी नोंदवले आहे. या गतीने ते शंभर वर्षांत वोबर्नपासून शंभर किलोमीटरपर्यंत पोहोचले असते. प्रत्यक्षात वेल्सपर्यंत आणि उत्तर आयर्लंडमध्येही त्यांच्या नोंदी आहेत, आणि समुद्र काही त्यांनी पोहून ओलांडलेला नाही. कुणी शोभेसाठी, कुणी शिकारीसाठी, कुणी गाडीखाली सापडलेले पिल्लू बरे करून लांबच्या रानात सोडले म्हणून, अशी खोक्यांत घालून नेलेली जनावरे नव्या वस्त्यांचे मूळ ठरली. आजची सारी संख्या मूळच्या मोजक्याच माद्यांपासून वाढली असल्याचे जनुकीय अभ्यासातून दिसते.

एवढ्याशा बीजातून एवढी वाढ कशी झाली, याचे उत्तर मादीच्या शरीरात आहे. इथल्या मूळच्या लाल हरणाला आणि रो हरणाला वर्षातून एकदाच माज येतो. भेकराला असा ऋतू नाही. मादी सात-आठ महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, सात महिन्यांनी विते आणि त्यानंतर काही दिवसांतच पुन्हा गाभण राहते. लांडगा आणि लिंक्स हे रानमांजर या बेटावरून केव्हाच संपले आहेत, आणि कोल्हा फार तर एखादे पिल्लू उचलतो. सह्याद्रीत बिबट्या आणि रानकुत्रा जे काम करतात, ते करणारे इथे कुणी नाही.

नुकसान पाहायचे तर एप्रिलअखेरीस ब्लूबेल या निळ्या रानफुलांनी भरलेल्या रानात गुडघ्यांवर बसावे. दुरून निळा दिसणारा गालिचा जवळून विरळ निघतो. कित्येक देठांचा शेंडा वरच्या वर खुडलेला असतो, पाने अर्ध्यावर कातरलेली असतात. प्रिमरोझ आणि ऑक्सलिप ही रानफुले, रानातली ऑर्किडे यांचीही तीच गत. याहून मोठा फटका बसतो तो हेझल या झुडपाच्या तोडीला. इथल्या जुन्या रानांत हेझल बुंध्यापाशी छाटून, उसाचा खोडवा राखावा तसे, नवे फुटवे धरण्याची शतकानुशतकांची पद्धत आहे. ते कोवळे फुटवे भेकर वर येऊच देत नाही. उंच फांदी असेल तर ती अंगाखाली घेऊन वाकवते आणि पाने ओरबाडते. झुडपांचा हा दाट थर गेला की त्यात घरटे करणारा नाइटिंगेल पक्षीही जातो. सफोकमधल्या ब्रॅडफील्ड वूड्समध्ये हरणांना अटकाव करणारे कुंपण घातलेल्या तुकड्यांना नाइटिंगेलांनी ठळक पसंती दिली. केंब्रिजशायरच्या मंक्स वूडमध्ये ब्लूबेलची झालेली दुर्दशा तर अभ्यासकांनी वर्षानुवर्षे नोंदवून ठेवली आहे.

‘परदेशी हरीण’ हे शब्द गावच्या बैठकीत ऐकले की बाहेरून येऊन इथे स्थिरावलेल्या माझ्यासारख्याचे कान टवकारतात, हे कबूल. पण मूळचा आणि उपरा हा भेद रानाला कळत नाही. नॉर्मन काळात आणलेले फॅलो हरीण आज सर्वांना इथलेच वाटते, आणि मूळच्या रो हरणाची संख्या वाढली की तेही रोपांचे शेंडे खातेच. भेकराच्या बाबतीत अडचण आहे ती त्याच्या बारमाही वीणीची, आणि लहान अंगामुळे कुठल्याही फटीतून शिरून दडून बसण्याची.

त्यामुळे बंदुकीला पर्याय मला तरी दिसत नाही. गर्भनिरोधकाची लस टोचण्याचे बोलले जाते, पण दाट झुडपात एकेकटे राहणारे जनावर वारंवार गाठणार कोण? कायद्याने भेकराला शिकारबंदीचा हंगाम ठेवलेला नाही, कारण मादीच्या अंगावर पिणारे पिल्लू वर्षभरात केव्हाही असू शकते. म्हणून पोट स्पष्ट दिसणारी गाभण मादी निवडावी, असा जाणकारांचा सल्ला असतो. अंगावरचे आधीचे पिल्लू तोवर सुटे झालेले असते. ऐकायला हे क्रूर वाटते, पण उपाशी पिल्लू झुडपात सोडून जाण्यापेक्षा ते बरे. शिवाय एका भेकरामागे मांस थोडेच मिळत असल्याने व्यावसायिक शिकारी मोठ्या हरणांकडेच वळतात, आणि काम हौशी बंदूकवाल्यांवर येऊन पडते.

2019 पासून इंग्लंडमध्ये जखमी भेकर बरे करून पुन्हा रानात सोडायलाही परवानगी मिळत नाही. प्राण्यांच्या शुश्रूषा केंद्रांना त्याला आयुष्यभर बंदिस्त ठेवावे लागते किंवा शांतपणे संपवावे लागते, आणि तिथे काम करणाऱ्यांना याचा मनस्वी त्रास होतो. तो मला समजतो. तरीही खोक्यात घालून लांब नेऊन सोडण्याचा जुना मार्ग बंद झाला, हे योग्यच झाले.