तुम्ही विचारलंत म्हणून : साडेबारा टक्के, पण कशाचे?

पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गच्या आसपास पाच-दहा एकरांसकट घर घेतलेल्या मराठी मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो. ‘गॅस कंपनीचं लीज आलंय, साडेबारा टक्के रॉयल्टी देतायत. पंधरा मागू की अठरा?’ ज्यांची सही आधीच झाली आहे, ते विचारतात, ‘साडेबारा टक्के लिहिलंय, मग चेक एवढासा का?’ दोघांनाही उत्तर एकच. टक्के किती ते शेवटी बघा, आधी ते कशाचे ते बघा.

त्याच्याही आधी, गॅस तुमचा आहे का? महाराष्ट्रात हा प्रश्नच उद्भवत नाही. सातबारावर नाव तुमचं असलं तरी जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४८ प्रमाणे खालचं खनिज शासनाचं. शेतातून गॅसची पाइपलाइन गेली तर १९६२ च्या कायद्यानुसार वापरहक्कापोटी बाजारभावाच्या १० टक्के आणि पिकाची नुकसानभरपाई मिळते, रॉयल्टी नाही. पेनसिल्व्हेनियात मात्र गॅस खाजगी मालकीचा असतो आणि म्हणूनच तो जमिनीपासून वेगळा काढता येतो. शंभर वर्षांपूर्वी कुणी शेत विकताना ‘तेल व वायू राखून’ असं खतात लिहिलं असेल, तर तुम्ही विकत घेतलीत ती फक्त वरची जमीन. काउंटीच्या रेकॉर्डर ऑफ डीड्स कचेरीत खरेदीखतांची साखळी मागे मागे तपासावीच लागते. टायटल इन्शुरन्सवर, म्हणजे मालकीहक्काच्या विम्यावर, विसंबू नका, त्यात खनिजहक्क बहुधा वगळलेले असतात. एक दिलासा आहे. जुन्या खतात नुसतं ‘मिनरल्स’ राखलेलं असेल तर त्यात तेल-वायू धरत नाहीत. १८८२ च्या डनहॅम निकालापासूनचा हा नियम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मार्सेलस शेल या इथल्या वायूधारक खडकाच्या थरातल्या गॅसलाही लागू धरला.

आता हिशोब. विहीर आडवी जाते, अनेकांच्या जमिनीखालून. त्या सगळ्या जमिनी मिळून एक युनिट होतं आणि रॉयल्टी त्यातल्या तुमच्या एकरांच्या प्रमाणात वाटली जाते. समजा तुमचे ५ एकर, युनिट ६४० एकरांचं, दर साडेबारा टक्के. ५ भागिले ६४०, गुणिले ०.१२५, म्हणजे ०.०००९७६५६. डिव्हिजन ऑर्डर नावाचा कागद येतो त्यावर हाच दशांश असतो. तो स्वतः कॅल्क्युलेटरवर काढून ताडून बघा. चूक बहुतेक वेळा एकरांत निघते. करपावतीवरचं क्षेत्र आणि मोजणीचं क्षेत्र वेगळं असतं, किंवा रस्त्याच्या मध्यापर्यंतची तुमची पट्टी धरलेलीच नसते. युनिटची कमाल मर्यादाही लीजमध्ये आकड्यात हवी. तेच युनिट १,००० एकरांचं झालं तर तुमचा दशांश ०.०००६२५ वर येतो आणि टक्के मात्र कागदावर तेवढेच दिसत राहतात.

खरी झळ बसते ती किमतीत. १९७९ च्या कायद्याने पेनसिल्व्हेनियात किमान एक-अष्टमांश रॉयल्टी सक्तीची केली, म्हणजेच साडेबारा टक्के. पण ते कोणत्या रकमेचे, हे कायद्याने सांगितलं नाही. २०१० मध्ये किल्मर खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की रॉयल्टी विहिरीच्या तोंडाशी मोजायची. म्हणजे गॅस जिथे विकला गेला त्या किमतीतून गोळा करणं, दाब वाढवणं, ओलावा काढणं, प्रक्रिया, वाहतूक हा सगळा खर्च वजा करून उरेल त्याचे साडेबारा टक्के.

वरच्याच युनिटमधून महिन्याला ३ लाख एमसीएफ, म्हणजे तितके हजार घनफूट, गॅस २.५० डॉलर भावाने विकला गेला असं धरू. विक्री साडेसात लाख डॉलर. वजावट नसेल तर तुमच्या हाती ७३२ डॉलर. एमसीएफमागे ९० सेंट वजा केले तर भाव उरतो १.६० आणि हाती येतात ४६९. आता भांडून १५ टक्के मिळवलेत पण वजावट राहू दिलीत, तर ५६२. १८ टक्के मिळवलेत तरी ६७५. वजावट नसलेले साडेबारा टक्के या उदाहरणात अठरालाही भारी पडतात, आणि बाजारभाव जसजसा खाली येतो तसतशी ही तफावत वाढते, कारण खर्च भावासोबत उतरत नाही. म्हणून वाटाघाटीत सगळी ताकद इथे लावा. ‘ग्रॉस’, म्हणजे वजावटीआधीची रक्कम, हा नुसता शब्द घालून भागत नाही. वजा न करायचे खर्च एकेक नावाने लिहून घ्या. आणि पुढच्याच परिच्छेदात ‘विकण्याजोग्या गॅसची किंमत वाढवण्यासाठीचा खर्च वजा करता येईल’ असं वाक्य येतं का, ते शोधा. वर दिलेलं ते खाली काढून घेतं. कंपनी आपल्याच उपकंपनीला गॅस विकत असेल तर कोणता भाव धरायचा, हेही लिहिलेलं हवं.

शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियात सुरुवातच उलटी आहे. २००१ च्या वेलमन आणि २००६ च्या टॉनी निकालांनी तिथे लीजमध्ये स्पष्ट म्हटल्याशिवाय हा खर्च कंपनीच्या माथी राहतो असं धरलं. त्यामुळे ओळखीच्या कुणाचं लीज पाहून आपलं ठरवू नका, आधी राज्य कोणतं ते विचारा.

‘सहीच केली नाही तर?’ ओहायोत युनिटमधल्या ६५ टक्के जमिनीचा होकार असेल तर उरलेल्यांना आदेशाने आत ओढता येतं. पेनसिल्व्हेनियात मार्सेलससाठी तशी सक्ती नाही. १९६१ चा कायदा त्याखालच्या ओनोन्डागा थरापर्यंत पोचणाऱ्या खोल विहिरींपुरता आहे. पण २०२० च्या ब्रिग्ज निकालाने, शेजारच्या विहिरीने तुमच्या हद्दीत न शिरता गॅस ओढून घेतला तर नुसत्या तेवढ्यावरून भरपाई नाही, असं म्हटलं. आणि लीज जुनं असेल, त्यात पूलिंगबद्दल, म्हणजे जमिनी एकत्र करून युनिट करण्याबद्दल, चकार शब्द नसेल, तर २०१३ च्या दुरुस्तीनंतर लगतची लीजं एकत्र करून आडवी विहीर खणता येते. लीजमध्ये स्पष्ट मनाई असेल तरच ते थांबतं.

युनिटबाहेर राहिलेली जमीन मुदतीनंतर लीजमधून मोकळी करणारं कलम, म्हणजे प्यू क्लॉज, तेही सोडू नका. ते नसेल तर तुमच्या पन्नास एकरांतले दोन जरी युनिटमध्ये गेले तरी उरलेले अठ्ठेचाळीस, लीजची समजा पाच वर्षांची मुदत संपूनही, विहीर चालू असेतोवर अडकून राहतात. तोच नियम खोलीलाही लावून घ्या. मार्सेलसच्या खाली यूटिका शेल हा गॅसचा आणखी एक थर आहे.

चेक यायला लागले की प्रत्येक स्टब, म्हणजे चेकसोबतचा हिशोबाचा कागद, वाचा. २०१३ पासून त्यावर महिना, एकूण गॅस, भाव, कर, वजावटी आणि तुमचा हिस्सा छापणं बंधनकारक आहे. राज्याच्या पर्यावरण विभागाच्या संकेतस्थळावर शेल विहिरींचं मासिक उत्पादन सगळ्यांना बघता येतं. विहिरीचा परमिट क्रमांक घेऊन स्टबवरचा आकडा त्याच्याशी जुळवा. थोडा फरक चालतो. सलग तीन-चार महिने मोठा फरक दिसला तर लेखी विचारा. पहिल्या वर्षात चेक झपाट्याने उतरतो तो मात्र बहुधा लबाडीमुळे नाही, शेल विहिरींचा जोरच सुरुवातीला असतो. करविवरणात रॉयल्टीवर १५ टक्के डिप्लिशनची, म्हणजे गॅसचा साठा संपत जातो त्यापोटीची, वजावट मिळते, ती घ्यायला विसरू नका.

कंपनीचे हिशोब तपासण्याचा हक्क लीजमध्ये असेल तर तो वेळेत वापरा. करारभंगाच्या दाव्याला पेनसिल्व्हेनियात मुदत चार वर्षांची आहे, तेव्हा किमान तेवढ्या काळाचे स्टब, पाकिटांसकट, एका फाइलला लावून ठेवा.