आल्प्सची तयारी: खडखड सापडली, चिखलदरा सर

मंडळी, नवे गिअर बसवल्यापासून चढावर सायकलमधून येणारी ती खडखड गेली! कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाच्या, मागे 1.85 मिलिमीटरचा एक स्पेसर (चकती) हवा असतो, तो बसवलाच नव्हता. अर्धा पावसाळा त्या एका चकतीपायी गेला. पण परवा चिखलदऱ्याचा घाट 34-34 वर (पुढे 34 दात, मागे 34) चढून आलो, वरपर्यंत चेनचा सरळ, एकसुरी आवाज, आणि जीव हरखून गेला.

सप्टेंबरचा बेत तोच आहे. जिनिव्हा सरोवराच्या काठावरच्या तोनों-ले-बँहून निघायचं, आल्प्सच्या खिंडी ओलांडत दक्षिणेला सरकायचं आणि नीसला समुद्र गाठायचा. सोबत गाइड, मागे सामानाची व्हॅन, साधारण 700 किलोमीटर आणि 17,000 मीटरच्या वर चढ. आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 310 मीटरवर. सेमिनरी हिल्सचा चढ पाय गरम होण्याआधीच संपतो. त्यामुळे जुनी 11-28 (सर्वांत लहान चक्र 11 दातांचं, मोठं 28 चं) काढून 11-34 कॅसेट बसवण्याला पर्याय नव्हता.

कॅसेट का बदलली, त्याचा हिशोब पुन्हा मांडतो, कारण बऱ्याच जणांनी विचारलं. ताशी 8 किलोमीटरनं चढताना 34-28 वर केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) येतो 52 च्या आसपास, 34-34 वर तो 63 च्या वर जातो. अर्ध्या तासाच्या चढाला 52 चालून जातो. पण वाटेतल्या गालिबिए खिंडीला जाताना आधी तेलेग्राफची 1566 मीटरची खिंड चढायची, व्हालवार गावात जरा उतरायचं, आणि तिथून पुन्हा 18 किलोमीटर, सरासरी जवळपास 7 टक्के, थेट 2642 मीटरपर्यंत. शेवटचा किलोमीटर तर 10 टक्क्यांच्या घरात. तिथे 52 नं दळत बसलं की दुसऱ्या दिवशी गुडघे बोलणारच.

आता मुख्य गोष्ट. माझ्याकडे शिमानो 105 चा आर-7000 ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच), मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, छोट्या केजचा. तो 30 दातांच्या पुढे जात नाही, म्हणून त्याहून लांब केजचा जीएस घेतला. त्याची सैल चेन सामावून घेण्याची क्षमता 39 दात. पुढे 50-34 चा फरक 16, मागे 11-34 चा 23, बेरीज बरोबर 39. नवी चेन, मोजून कापलेली. कॅसेट एचजी-700, 11-34. हे सगळं एका मोठ्या दुकानातून बसवून घेतलं. (नाव लिहीत नाही, पण शोरूमच्या काचा चकचकीत असल्या म्हणून आतल्या वर्कशॉपवर डोळे झाकून भरवसा ठेवू नका.)

स्टँडवर गिअर लोण्यासारखे पडायचे. रस्त्यावर सपाटीलाही ठीक. फुटाळ्याकडून वर चढताना जोर लावला की मात्र खट्, खट्, आणि मधूनच चेन 30 वरून 27 वर उडी मारायची. उभं राहून पेडल मारलं की हमखास.

पहिला संशय केबलवर. आतली केबल बदलली, बाहेरचं हाउजिंगही. इथे एक मत देऊनच टाकतो: हाउजिंग शिमानोचंच घ्या. बाजारात मीटरवर मिळणारं स्वस्त हाउजिंग पावसात आतून गंजतं आणि शिफ्टिंग जड होतं. नवी केबल पडली, शिफ्टिंग हलकं झालं, खडखड तशीच.

मग हॅन्गर, म्हणजे डिरेलर ज्याला लटकतो तो फ्रेमचा तुकडा. गेजनं तपासला, किंचित आत वाकलेला निघाला, सरळ केला. आवाज कायम. मग डिरेलरचा बी-स्क्रू, कारण 34 च्या चक्राला डिरेलरची वरची पुली घासत असेल अशी शंका आली. तो पिळून अंतर वाढवलं, तर शिफ्टिंग आळसावलं आणि आवाजाला ढिम्म फरक पडला नाही. त्यानंतर बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाचे बेअरिंग) काढून ग्रीस लावून बसवला, पेडल काढून बसवले, चेनरिंगचे बोल्ट टॉर्क रेंचनं आवळले. जोर लावल्यावरचा आवाज फ्रेममधून कुठूनही आल्यासारखा वाटतो, त्यामुळे दर वेळी नवीन ठिकाणी कान लावायचा आणि रविवार घालवायचा, असं चाललं होतं.

शेवटी इतवारीतल्या एका जुन्या मेकॅनिक काकांकडे गेलो. दुकान म्हणजे एक शटर, बाहेर घरगुती सायकलींची रांग. त्यांनी गिअरला हातच लावला नाही. मागचं चाक काढलं, आडवं धरलं, आणि 34 चं चक्र दोन बोटांत धरून आतबाहेर केलं. टक टक.

“भाऊ, हे पाहा. गिअर नाही, कॅसेटच हालून राहिली ना!”

मी म्हटलं, “काका, कॅसेट आवळणारी लॉकरिंग तर पूर्ण घट्ट आहे.”

“ते घट्टच राहीन. पण कशावर घट्ट? हबवर. कॅसेटले कुठी दाबून राहिली? डब्यात एक चकती भेटते ह्याच्यासोबत, ते कुठी गेली?”

डबा दुकानातच राहिला होता. फोन केला तर रिकामा डबा कपाटात, आणि त्यात प्लास्टिकच्या पिशवीत ती चकती न उघडलेली!

कारण समजून घेण्यासारखं आहे. 11 स्पीडच्या रोड चाकांचा फ्रीहब (हबचा ज्यावर कॅसेट बसते तो भाग) जुन्या 10 स्पीडच्या हबपेक्षा 1.85 मिलिमीटरनं लांब असतो. पण एचजी-700 आणि एचजी-800 या 11-34 कॅसेट त्या आखूड मापाच्या असतात. त्यातलं 34 चं मोठं चक्र चाकाच्या आऱ्यांकडे झुकलेलं असल्यामुळे त्या आखूड हबवरही बसतात. तुमचा हब 11 स्पीड रोडचा असेल, तर मागे स्पेसर टाकून उरलेली जागा भरावी लागते. नाही भरली, तर लॉकरिंग हबच्या टोकावर टेकते, आवळताना घट्ट लागते, टॉर्क रेंच 40 न्यूटन-मीटरही दाखवतो, आणि खाली कॅसेट मोकळी राहते. स्टँडवर चेनवर जोर नसतो, म्हणून ती जागच्या जागी बसलेली. चढावर जोर पडला की बाजूला सरकते आणि सगळं इंडेक्सिंग (गिअर नेमका बसण्याची जुळणी) बिघडतं. जुनी 11-28 पूर्ण रुंदीची होती, तिला स्पेसर लागतच नव्हता, म्हणून हा प्रश्न आधी कधी आला नाही.

काकांनी चकती टाकली, कॅसेट सरकवली, लॉकरिंग कर्र कर्र करत बसली. पैसे घेतले शंभर. मी जास्त देऊ केले तर रागावले.

तर चिखलदरा. परतवाड्यात मुक्काम, सकाळी उजाडल्यावरच निघालो, कारण मेळघाटात अंधारात सायकल हाकायची नाही, हा नियम मी पाळतोच. धामणगाव गढीनंतर घाट लागतो. ढग खाली उतरलेले, प्रत्येक वळणाच्या कठड्यावर वानरांची टोळी, रस्ता ओला. 34-34 वर बसून केडन्स 65, श्वास नाकानं घेता येईल इतका आरामात. वर मोथ्याचा खवा खाल्ला आणि थेट उतरायला लागलो, कारण खरी परीक्षा तीच होती.

उतारावर नवा मुद्दा समोर आला. माझे रिम ब्रेक आहेत, अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर. ओल्या रस्त्यावर पहिल्या सेकंदाला ब्रेक धरतच नाहीत, पाणी पुसलं गेलं की मग एकदम धरतात. कूलस्टॉपचे सॅल्मन (केशरी-गुलाबी) रंगाचे पॅड यात फार चांगले, मूळच्या पॅडपेक्षा खूपच. तरी चिखलदऱ्याचा उतार म्हणजे नमुना. गालिबिएवरून लोतारे खिंडीमार्गे ब्रियाँसोंपर्यंत सलग 35 किलोमीटरहून जास्त उतार आहे. त्यामुळे तिकडे डिस्क ब्रेकची सायकल भाड्यानं घ्यावी, असं घाटातच मनात आलं होतं. पण घरी येऊन विचार केला: सॅडल, फिटिंग, आणि आता शेवटी शांत झालेलं हे गिअरिंग, सगळं ओळखीचं. स्वतःचीच नेणार. दोन जोड जादा पॅड आणि एक हॅन्गर बॅगेत.

थंडीचा विचार मात्र कमी केला होता, हे उतारावर कळलं. घामानं भिजलेली जर्सी आणि ताशी 40 चा वारा, नुसत्या 1100 मीटरवर बोटं बधिर झाली. इझेराँ 2764 मीटरवर आहे, आल्प्समधली सगळ्यात उंच डांबरी खिंड. दर हजार मीटरला साडेसहा अंश उतरतात असं धरलं, तर खाली पाचशे-सहाशे मीटरवर 20 असताना वर पाच-सहा. आपण नागपूरकर 45 अंशांत सायकल चालवू, पण पाच अंशांत भिजून उतरायची सवय आपल्याला कुठून असणार? पूर्ण बोटांचे हातमोजे आणि घडी करून खिशात मावणारं विंडचीटर आजच मागवलं. खिंडीवर थांबून जर्सीच्या आत वर्तमानपत्र घालायचं, ही जुन्या टूर द फ्रान्सवाल्यांची युक्तीही करून पाहणार.

पुढचा बेत पचमढीचा होता. पण हे लिहितालिहिताच वाटतंय की एक मोठा चढ मला आता काही नवीन शिकवणार नाही. तिकडे रोज चढ आहे, काल थकलेल्या पायांनी आज पुन्हा चढायचं आहे. म्हणून पचमढी रद्द. त्याऐवजी परतवाड्यातच सलग तीन दिवस मुक्काम, रोज चिखलदरा वर-खाली, तिसऱ्या दिवशी दोनदा. उतरताना पाऊस लागला तर थांबायचं नाही, ओल्या रिमवर ब्रेक आधी हलकेच लावून पाणी पुसायची सवय तिथेच करून घ्यायची. वर्धा रोडच्या सपाटीवर 13 वरून एकदम 15 वर उडी मारताना 14 चं चक्र फार आठवतं, पण 11-28 आता नीसहून परत आल्यावरच चढेल. कोणाला सोबत यायचं असेल तर परतवाड्यात खोली मोठी घेतो. मागच्या चाकाची कॅसेट मात्र निघण्याआधी दोन बोटांनी हलवून पाहा.